मार्टिनी-हेन्री आणि नैनितालचा जिम

शिकाऱ्याचे चरित्र हाती आले की वाचकाचे लक्ष आधी आकड्यांकडे जाते. किती वाघ मारले, किती बिबळे मारले, सर्वांत मोठा केवढा होता? जिम कॉर्बेटच्या बाबतीतही असेच झाले आहे. चंपावतची वाघीण, पनारचा बिबळ्या, रुद्रप्रयागचा बिबळ्या ही नावे आपल्यापैकी अनेकांना शाळेपासून पाठ असतात. पण इतक्या शिकारी करणारा हा माणूस वाघांच्या बाजूने बोलणारा पहिल्या काही लोकांपैकी एक कसा झाला, हा प्रश्न आकडे मोजून सुटत नाही. त्याचे उत्तर त्याच्या बालपणात, आणि विशेषतः त्याच्या हाती एकामागून एक आलेल्या हत्यारांत शोधावे लागते. त्यातले सर्वांत महत्त्वाचे हत्यार म्हणजे दहाव्या वर्षी त्याला उसनी मिळालेली मार्टिनी-हेन्री रायफल.

एडवर्ड जेम्स कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील ख्रिस्तोफर तेथील पोस्टमास्तर. घरात मुलांची रांग लागलेली आणि उत्पन्न बेताचे. इंग्रज म्हटले की बंगला, बग्गी आणि डझनभर नोकर असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते, पण कॉर्बेट कुटुंब त्या ऐश्वर्यातले नव्हते. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत पायथ्याचे कालाढुंगी, असा त्यांचा मुक्काम असे. १८८१ साली वडील वारले. जिम तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. घराची जबाबदारी थोरला भाऊ टॉम याच्यावर आली आणि पोस्टाचे कामही त्यानेच सांभाळले. जिमच्या दृष्टीने टॉम हा वडीलही होता आणि आदर्श शिकारीही.

जिमचे पहिले हत्यार गलोल. न्यूमोनियाच्या जबर दुखण्यातून उठलेल्या या पोराचे मन रमावे म्हणून टॉमने ती त्याला दिली. गलोलीनंतर धनुष्यबाण आला, आणि त्यानंतर आली एक ठासणीची दुनळी बंदूक. एका नातलगाला कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहायचे होते. त्याला पक्ष्यांचे नमुने आणून द्यायचे, या बोलीवर ती जिमला मिळाली. तिची अवस्था काय वर्णावी! उजवी नळी सहा इंच तडकलेली, आणि दस्ता व नळ्या सुट्या होऊ नयेत म्हणून पितळी तारेने आवळून बांधलेल्या. एकच नळी कामाची. दारू ओतायची, गजाने ठासायची, वर छर्रे भरायचे, आणि एवढा खटाटोप केल्यावर एक बार. तो फुकट गेला तर पुन्हा सारे पहिल्यापासून. तोवर रानकोंबडी काय, हत्तीसुद्धा दिसेनासा होईल!

ही बंदूक घेऊन तो तराई-भाबरच्या रानातून हिंडला. रात्र होईल तिथे लहानशी शेकोटी पेटवून झोपायचे, वाघाच्या आवाजाने जाग आली की विस्तवावर आणखी एक लाकूड टाकायचे आणि पुन्हा कूस बदलायची, असा त्याचा क्रम होता. एकदा रानकोंबड्यांच्या मागे दबकत जाऊन तो एका झुडपावरून पलीकडे डोकावला, तोच ते झुडूप हलले आणि त्यातून चक्क वाघ बाहेर पडला. वाघाने वळून पोराकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, फार तर थोडे आश्चर्य होते. मग तो संथपणे निघून गेला, मागे वळूनही न पाहता. ज्या वाघाला चिडवले नाही, जखमी केले नाही, त्याच्याकडून माणसाला भय नाही, हा कॉर्बेटचा पुढचा सिद्धांत या भेटीतून उगवला. तारेने बांधलेल्या बंदुकीने वाघावर बार टाकण्याचा मूर्खपणा त्या पोराने केला नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

या वयातला त्याचा गुरू कुँवरसिंग. जवळच्या चांदनी चौक या गावचा तो मुखिया, आणि परवान्याची फिकीर न करता शिकार करणारा नामांकित चोरटा शिकारी. रानात कसे चालावे, झाडावर कसे चढावे, मागोवा कसा काढावा, हे जिम त्याच्याबरोबर शिकला. धुळीतला माग पाहून कोणता प्राणी, केव्हा आणि किती घाईत गेला ते सांगायचे. वानराची खोक, चितळाची शीळ, सांबराची साद, भेकराचे भुंकणे ऐकून न दिसणारा बिबळ्या कोणत्या नाल्यातून चालला आहे ते ओळखायचे. शाळेत हा मुलगा फारसा चमकला नाही, पण रानाची ही बाराखडी त्याने अशी घोटली की ती जन्मभर त्याला विसरता आली नाही.

अशा पूर्वतयारीवर त्याच्या हाती मार्टिनी-हेन्री पडली. दहाव्या वर्षी जिम नैनिताल व्हॉलंटिअर रायफल्स या पथकाचा बालसैनिक झाला. आपल्या महाविद्यालयातील एन.सी.सी.चे मित्र हलक्या .२२ रायफलीने नेमबाजीचा सराव करतात. या पोरांच्या खांद्याला मात्र खुद्द लष्कराची रायफल लागे. ब्रिटिश लष्कराने ती १८७१ साली स्वीकारली होती. १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धात आणि १८७९ च्या झुलू युद्धात ती गाजली होती, आणि साम्राज्यभर तिचा बोलबाला होता. तिचे जोडनाव दोन माणसांचे आहे. काडतूस भरण्याची यंत्रणा स्वित्झर्लंडच्या फ्रीड्रिक फॉन मार्टिनी याची, तर सात आटे पाडलेली नळी एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री याची.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तिने जिमला घडवले ते या रचनेतून. चापाच्या मागे एक लोखंडी दांडी असते. ती खाली ढकलली की नळीच्या तोंडाशी असलेला ठोकळा खाली झुकतो आणि रिकामे काडतूस मागे फेकले जाते. अंगठ्याने नवे काडतूस सरकवून दांडी वर घेतली की ठोकळा पुन्हा बंद होतो; आतली कळ दांडी खाली ढकलतानाच ताणली गेलेली असते. म्हणजे ठासणीच्या मानाने ही विजेच्या चपळाईची वस्तू. परंतु तिच्या पोटात काडतुसांचा साठा नाही. एका वेळी एकच काडतूस, एकच गोळी. नळीचे तोंड .४५० इंचाचे, गोळी सुमारे ३१ ग्रॅमची, दारू जुनी काळी. बार उडाला की पुढे धुराचा असा पडदा उभा राहतो की आपण काय केले ते क्षणभर आपल्यालाच दिसत नाही. रायफलीची लांबी चार फुटांहून थोडी अधिक, वजन पावणेचार किलोंच्या पुढे. दहा वर्षांच्या पोराच्या खांद्याला तिचा दणका कसा बसत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

नैनितालच्या चांदमारीत एकदा बडे पाहुणे पाहायला आले होते. पुढे फील्ड मार्शल झालेले रॉबर्ट्स त्यांत होते. या किरकोळ पोराची नेमबाजी पाहून मंडळी खूश झाली, आणि परिणामी पथकाची एक मार्टिनी-हेन्री त्याला वापरायला मिळाली. तारेने बांधलेल्या बंदुकीनंतर हे म्हणजे आंधळ्याने एक डोळा मागावा आणि देवाने दोन द्यावेत असे झाले. ठासणीच्या बंदुकीचे छर्रे विखरून जात, त्यामुळे चूक कोणाची, बंदुकीची की आपली, हे कळत नसे. मार्टिनीची गोळी नेम धरू तेथेच जाई. ती चुकली तर दोष नेम धरणाऱ्याचा, हे उघड होते. जिमला हत्याराची पारख येथे आली, आणि आपली स्वतःचीही.

थोड्याच दिवसांत त्याने या रायफलीने पहिला बिबळ्या मारला. गोळी लागली, काळा धूर पसरला, आणि जखमी बिबळ्या झाडीत नाहीसा झाला. आता प्रश्न होता पुढचे पाऊल टाकण्याचा. जखमी बिबळ्याच्या मागे झाडीत शिरणे म्हणजे मृत्यूच्या जबड्यात डोके घालणे, हे कोणताही जाणता शिकारी सांगेल. पोर घरी परतले असते तर कोणी त्याला नावे ठेवली नसती. पण जिम मागावर गेला आणि त्याने ते जनावर संपवले. जखमी जनावर रानात सोडून यायचे नाही, हा नियम त्याने पुढे साऱ्या आयुष्यात पाळला. चाप ओढण्याने गोळीची जबाबदारी सुरू होते, संपत नाही, हे त्याला मिसरूड फुटण्यापूर्वीच उमगले होते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र प्रामाणिक होणार नाही. दहा वर्षांच्या जिमला रायफल मिळाली ती त्याच्या नेमबाजीमुळे, पण तेवढ्यामुळेच नव्हे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नव्हती, आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध आवाज उठला तो याच अपमानापोटी. ज्या डोंगराळ खेड्यांत नरभक्षक दाराशी येऊन बसे, तेथील शेतकऱ्याच्या हाती बहुधा कोयता आणि कुऱ्हाडच असे. कॉर्बेटच्या कर्तृत्वाला याने उणेपणा येत नाही. परंतु कुमाऊंच्या लोकांना एका साहेबाची वाट का पाहावी लागली, याचे एक कारण त्यांच्या धैर्यात नसून कायद्यात होते, हे आपण विसरू नये.

शिक्षण अर्धवट टाकून जिम अठराव्या वर्षाच्या सुमारास रेल्वेच्या नोकरीत शिरला. पुढे बिहारमधील मोकामा घाटावर गंगापार जाणाऱ्या मालाची चढउतार करून घेण्याचे कंत्राट त्याने घेतले. वीस वर्षांहून अधिक काळ तो तेथे हमालांबरोबर घाम गाळत राहिला. या काळाविषयी त्याने पुढे ‘माय इंडिया’ या पुस्तकात मोठ्या जिव्हाळ्याने लिहिले. शिकार हा त्याचा धंदा कधीच नव्हता. सुट्टी काढून तो कुमाऊंत जाई.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीचे काम त्याच्याकडे आले. नेपाळात सुमारे दोनशे माणसे मारून ती कुमाऊंत उतरली होती, आणि तिच्या बळींची संख्या शेवटी ४३६ झाली. कॉर्बेटने होकार देताना दोन अटी घातल्या. वाघिणीवर लावलेले बक्षीस आधी रद्द करावे, आणि तिच्या मागावरचे इतर सर्व शिकारी परत बोलवावेत. बक्षिसासाठी मारणारा म्हणून त्याला आपली गणना होऊ द्यायची नव्हती. शिवाय रानात अनेक बंदुका एकाच वेळी हिंडू लागल्या की वाघाआधी माणूस मरतो, हेही त्याला ठाऊक होते.

शेवटच्या दिवशी तहसीलदाराच्या मदतीने गावकऱ्यांचा हाका झाला. कॉर्बेटजवळ तीनच काडतुसे होती. दोन गोळ्या झाडायला संधी मिळाली तर मिळाली, तिसरे अडीअडचणीला, असा त्याचा हिशेब. एकाच काडतुसाच्या रायफलीवर शिकलेल्या माणसाचा हा हिशेब! पण या वेळी तो चुकला. तिन्ही गोळ्या संपल्या आणि वाघीण अजून उभी. तेव्हा तहसीलदाराची बंदूक उसनी घेऊन तो पुढे झाला. ती बंदूकही नळी आणि दस्ता यांच्यात फट पडलेली, बालपणीच्या दुनळीची आठवण करून देणारी. वाघीण पडल्यावर त्याने तिचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे मोडलेले होते. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. ते मोडले होते बंदुकीच्या जुन्या गोळीने.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. केव्हातरी कोणीतरी तिच्यावर एक गोळी झाडली होती. गोळी लागली, वाघीण मेली नाही, आणि झाडणारा पाठलाग न करता निघून गेला. सुळे गेले, नेहमीचे भक्ष्य पकडता येईना, आणि ती माणसांकडे वळली. प्रत्येक नरभक्षक बंदुकीनेच बनवला असे मात्र नाही. मुक्तेश्वरच्या वाघिणीला साळिंदराच्या काट्यांनी जायबंदी केले होते, आणि केवळ म्हातारपणही कारण होऊ शकते. परंतु चंपावतच्या वाघिणीने कॉर्बेटला जे दाखवले ते विसरण्यासारखे नव्हते. दहाव्या वर्षी आपण बिबळ्याच्या मागे झाडीत शिरलो नसतो तर काय झाले असते, याचे उत्तरच जणू त्या मोडक्या सुळ्यांत होते.

बक्षीस नाकारणाऱ्या कॉर्बेटला संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी एक रायफल भेट दिली. लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५. माउझरच्या यंत्रणेवर बांधलेली, पोटात काडतुसांचा साठा असलेली, धूर न करणारी. तिची गोळी वजनाला मार्टिनीच्या गोळीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी. हत्याराने केवढी मजल मारली होती! पण ते वापरणाऱ्याची शिस्त मात्र जुनीच राहिली. हीच .२७५ त्याने रुद्रप्रयागला नेली. बदरी-केदारच्या यात्रामार्गावर १९१८ ते १९२६ या काळात त्या बिबळ्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे मारली होती. कॉर्बेट १९२५ साली आला, दहा आठवडे झगडला, हरला, परतला आणि पुन्हा आला. अखेर मे १९२६ च्या आरंभी, गुलाबराईच्या आंब्यावर रात्रीमागून रात्री बसल्यावर, बॅटरीच्या क्षणभराच्या उजेडात त्याने एक गोळी झाडली. बॅटरी लगेच विझली. सकाळी बिबळ्या मरून पडलेला दिसला.

त्याच्या स्वभावाचे खरे दर्शन मात्र ११ एप्रिल १९३० रोजी घडलेल्या प्रसंगात होते. चौगढच्या वाघिणीने चौसष्ट माणसे मारली होती. तिच्या शोधात नाल्यातून उतरत असताना कॉर्बेटला रातव्याची दोन अंडी दिसली. त्याला पक्ष्यांची अंडी जमवण्याचा छंद होता. त्याने ती डाव्या हातात घेतली. पुढे एका मोठ्या खडकाला वळसा घालून मागे वळून पाहतो तो जेमतेम आठ फुटांवर वाघीण त्याच्याकडे रोखून पाहत बसलेली! रायफल उजव्या हातात. डाव्या हातात अंडी, त्यामुळे झटकन वळणे शक्य नाही. त्याने एका हाताने ती रायफल इंचाइंचाने फिरवत आणली. हालचाल इतकी संथ होती की वाघीण तशीच बसून राहिली. त्या अंड्यांमुळेच आपला हात संथ राहिला आणि प्राण वाचले, असे त्याचे मत होते. वाघीण संपल्यावर तो मागे गेला आणि ती अंडी त्याने जागच्या जागी ठेवली. अर्ध्या तासाने पक्षीण पुन्हा त्यांवर बसलेली दिसली.

याच १९३० साली, हिवाळ्यात, त्याने पवलगढचा प्रसिद्ध नर वाघ मारला. हा नरभक्षक नव्हता. अनेक वर्षे बड्या बड्या शिकाऱ्यांना हुलकावणी देणारा, डौलदार, प्रचंड असा तो वाघ केवळ शिकारीसाठी मारला गेला. आजच्या वाचकाला हे खटकते आणि खटकायलाच हवे. ज्याने वाघाला उदार मनाचा म्हटले त्याच हाताने हे व्हावे, ही विसंगती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण माणूस एका दिवसात बदलत नाही. फ्रेडरिक चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने काढलेली वाघांची छायाचित्रे पाहून कॉर्बेटच्या हाती कॅमेरा आला होता. वर्षे सरली तसे बंदुकीचे दिवस कमी होत गेले, कॅमेऱ्याचे वाढत गेले. ओढ्याकाठी जागा तयार करून, पाण्याच्या खळखळाटात यंत्राचा आवाज लपवून, त्याने वाघांची चलच्चित्रे घेतली. कॅमेऱ्याने टिपलेल्या वाघाचा आनंद पुष्कळांना घेता येतो, मारलेल्या वाघाचा फक्त मारणाऱ्याला, असा त्याचा हिशेब झाला होता.

१९३६ साली हेली नॅशनल पार्क स्थापन झाले. भारतातले हे पहिले राष्ट्रीय उद्यान. त्याच्या उभारणीत कॉर्बेटचा वाटा होता. ३० नोव्हेंबर १९३८ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने ठाकच्या वाघिणीला वाघाच्या आवाजाने साद घालून जवळ बोलावले आणि मारले. तो त्याचा शेवटचा नरभक्षक. दुसऱ्या महायुद्धात नागपूरच्या उत्तरेकडील छिंदवाड्याच्या रानात त्याने सैनिकांना जंगलातील युद्धाचे शिक्षण दिले. लहानपणी कुँवरसिंगाबरोबर गिरवलेली तीच बाराखडी! ऑगस्ट १९४४ मध्ये ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे त्याचे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मुंबईहून प्रसिद्ध केले. मुंबईत छापले गेलेले ते नाव थोड्याच काळात जगभर पोचले.

१९४७ च्या अखेरीस जिम आणि त्याची बहीण मॅगी यांनी भारत सोडला. दोघांनीही लग्न केले नव्हते. कालाढुंगीजवळ वसवलेल्या छोटी हल्द्वानी गावातील जमीन त्याच्या कुळांकडे राहिली. तेथील लोक त्याला कार्पेटसाहेब म्हणत आणि आपलाच मानत. १९ एप्रिल १९५५ रोजी केनियातील न्येरी येथे तो वारला. हेली पार्कला पुढे त्याचे नाव मिळाले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ त्याच अरण्यात झाला, आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपले मेळघाटही होते.

बंदुकीचे आकर्षण तरुण वयात कोणाला नसते? तिची यंत्रणा, तिचा दणका, तिचे पल्ले यांची माहिती मिळवण्यात एक वेगळी धुंदी असते, आणि जिमलाही ती होती. फरक इतकाच, की मार्टिनी-हेन्री खांद्याला लावण्यापूर्वी तो रान ऐकायला शिकला होता, आणि चाप ओढल्यानंतर जखमी जनावराच्या मागे जायला शिकला. चंपावतच्या वाघिणीवर पहिली गोळी झाडणाऱ्या त्या अनामिकालाही नेम धरता येत असेल. त्याच्यापाशी उणे होते ते पुढचे, आणि त्याची किंमत ४३६ माणसांनी मोजली.